लोखंड जळते, अ‍ॅल्युमिनियम अडते : प्लाझ्मा कटरची गोष्ट

लोखंडाची बारीक तार तापवून ऑक्सिजनच्या बरणीत सोडली, की ती ठिणग्या उडवत झगझगीत जळते. हा प्रयोग आपण वर्गात करून दाखवतो. रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातला गॅस कटर याच तत्त्वावर चालतो. तिथे लोखंड वितळवून कापले जाते अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात ते जाळून कापले जाते.

1895 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए याने ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलीन यांच्या ज्योतीचे तापमान 3,000 अंश सेल्सिअसच्या वर जाते हे दाखवले. 1903 च्या सुमारास फूशे आणि पिकार यांनी ही ज्योत हातात धरता येईल असा टॉर्च तयार केला. कापताना ज्योतीने लोखंड सुमारे 900 अंशांपर्यंत तापवतात आणि मग त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडतात. लोखंड पेट घेते आणि त्या ज्वलनाच्या उष्णतेने खालचा थरही तापतो. तयार झालेले ऑक्साइड वितळून झोताबरोबर उडून जाते. लोखंडाचा द्रवणबिंदू 1,538 अंश, तर त्याच्या फेरस ऑक्साइडचा सुमारे 1,377. राख आधी वितळते, म्हणून वाट मोकळी राहते.

अ‍ॅल्युमिनियमचे मात्र उलटे आहे. धातू 660 अंशांना वितळतो, तर त्याचे ऑक्साइड 2,072 अंशांना. वर न वितळणारी साय आणि खाली पातळ झालेला धातू, अशी स्थिती होते. स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियमचे ऑक्साइडही असेच हट्टी. ज्या पापुद्र्यामुळे स्टेनलेसला गंज चढत नाही, तोच गॅस कटरची वाट अडवतो. विमाने, रसायनांच्या टाक्या आणि दुग्धव्यवसायाची यंत्रे यांसाठी हे धातू मोठ्या प्रमाणात वापरात आले, तेव्हा ते कापायचे कसे हा खरा प्रश्न उभा राहिला.

उत्तर विजेकडून आले. वायूतून पुरेशी वीज वाहिली, की त्यातील अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायू विद्युतवाहक बनतो. या अवस्थेला अर्व्हिंग लँगम्यूर याने 1928 मध्ये 'प्लाझ्मा' हे नाव दिले. टंगस्टनच्या टोकापासून ऑर्गन वायूतून निघणारा आर्क वेल्डिंगसाठी 1940 च्या दशकात वापरात आला होता. अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागात काम करणाऱ्या रॉबर्ट गेज याने हाच आर्क तांब्याच्या अरुंद नोझलमधून जाण्यास भाग पाडला. नोझलच्या भिंतीलगतचा थंड वायू वीज वाहून नेत नाही, त्यामुळे सारी धारा मधल्या बारीक वाटेने जाते. तापमान 20,000 अंशांच्या आसपास पोहोचते आणि वायूचा वेगवान झोत बनतो. या शोधाचे पेटंट 1957 मध्ये मिळाले. आता धातू जाळण्याची गरज उरली नाही. धातू काय, ऑक्साइड काय, सारेच वितळून उडून जाऊ लागले. अट एकच : कापायची वस्तू विद्युतवाहक हवी, कारण आर्क तिच्यातूनच पूर्ण होतो.

सुरुवातीला यासाठी ऑर्गन, हायड्रोजन किंवा नायट्रोजन वापरत. हे वायू विकत घ्यावे लागत. 1960 च्या दशकात साधी दाबलेली हवा वापरण्याचे प्रयत्न झाले. हवेतील ऑक्सिजनमुळे लोखंड अधिक वेगाने कापले गेले. पण टंगस्टनचे टोक भराभर झिजू लागले. टंगस्टन 3,422 अंशांपर्यंत टिकते, मग असे का व्हावे? उत्तर पुन्हा ऑक्साइडमध्येच आहे. टंगस्टनचे ऑक्साइड 1,473 अंशांनाच वितळते. हाफनियम हा धातू 2,233 अंशांना, म्हणजे टंगस्टनच्या कितीतरी आधी वितळतो; पण त्याचे ऑक्साइड 2,700 अंशांच्या वरही टिकते. म्हणून आजच्या हवेवर चालणाऱ्या कटरमध्ये तांब्याच्या इलेक्ट्रोडमध्ये हाफनियमचा बारीक तुकडा बसवलेला असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत जो गुण अडसर ठरला होता, तोच इथे उपयोगी पडला.

उरला प्रश्न वजनाचा. 50 हर्ट्झवर चालणारा ट्रान्सफॉर्मर जड असतो. वारंवारिता हजारो हर्ट्झपर्यंत वाढवली, तर तेवढ्याच शक्तीसाठी लहान गाभा पुरतो. हे साधले ते वेगाने चालू-बंद होणाऱ्या अर्धवाहक स्विचांमुळे. त्यांपैकी आयजीबीटीच्या विकासात आयआयटी मद्रासचे विद्यार्थी बी. जयंत बालिगा यांचा जनरल इलेक्ट्रिकमधील 1980 च्या सुमाराचे काम मोलाचे ठरले. कारखान्यातला कटर अशा रीतीने एका माणसाला उचलता येईल इतका हलका झाला आणि घरच्या वर्कशॉपमध्ये आला.

आता तो निवडायचा कसा? इथेही हाच इतिहास कामी येतो. पहिला प्रश्न : कापायचे काय? फक्त जाड लोखंडच कापायचे असेल तर गॅस कटर आजही स्वस्त आणि समर्थ आहे. पातळ पत्रा, स्टेनलेस, अ‍ॅल्युमिनियम असेल तर प्लाझ्मा हवा. 40 अँपियरच्या यंत्राने साधारण 10 मिलिमीटरपर्यंतचे लोखंड बऱ्यापैकी कापता येते. जाहिरातीत पुष्कळदा 'कसेबसे तुटेल' अशी कमाल जाडी दिलेली असते. स्वच्छ काप किती जाडीपर्यंत मिळतो ते विचारावे.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि फसगत होते ती इथेच. 100 अँपियरचे वेल्डिंग घरच्या सॉकेटवर चालते, मग 40 अँपियरचा कटर सहज चालेल, असे वाटते. पण वेल्डिंगचा आर्क सुमारे 24 व्होल्टचा असतो, म्हणजे शक्ती 2,400 वॅट. अरुंद नोझलमधून जाणाऱ्या प्लाझ्माला साधारण 96 व्होल्ट लागतात. 40 ने गुणले की 3,840 वॅट. 230 व्होल्टच्या 16 अँपियर सॉकेटची मर्यादा 3,680 वॅट. यंत्रातील ऊर्जेचा ऱ्हास आणखी वेगळा. तेव्हा पूर्ण क्षमतेवर चालवायचे तर स्वतंत्र, जाड तारेची जोडणी हवी, नाहीतर लहान यंत्र घ्यावे.

तिसरा प्रश्न हवेचा. लहान यंत्रालाही मिनिटाला शंभरहून अधिक लिटर हवा सुमारे 5 बार दाबाने, अखंड लागते. कॉम्प्रेसर अपुरा असेल तर भारी कटरही निकामी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत पाणी गाळणारा फिल्टर अत्यावश्यक आहे. ओलाव्याने इलेक्ट्रोड आणि नोझल लवकर खराब होतात. हे सुटे भाग जवळपास मिळतात का, तेही आधी पाहावे. चौथा प्रश्न विश्रांतीचा : 'ड्यूटी सायकल 60 टक्के' म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे काम. ही संख्या कोणत्या अँपियरला आणि किती तापमानाला दिली आहे, ते वाचावे.

आर्कमधून तीव्र अतिनील किरण निघतात, म्हणून योग्य गडद काचेशिवाय पाहू नये. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा स्टेनलेस कापताना निघणारा धूर घातक असतो. जागा हवेशीर हवी. बंद पिंप कधीही कापू नये.

द्रवणबिंदूंचा तक्ता मुलांना पाठ करायला लावण्याऐवजी त्यांच्यापुढे एक कोडे ठेवून पाहावे : धातू आणि त्याचे ऑक्साइड, दोघांचे आकडे दिले आहेत, गॅसने कोण कापला जाईल, आणि हवेत कोणाचे टोक टिकेल?