गाठीची चोळी : ट्रंकेत राहिलेलं एक वस्त्र

शहापुरातल्या आमच्या जुन्या घराची वाटणी झाली तेव्हा माझ्या वाट्याला पणजीची पत्र्याची ट्रंक आली. जुने दस्तऐवज मिळतील या आशेनं मी ती उघडली. कागद निघाले तीन-चार, तेही वाळवीनं खाल्लेले. तळाशी मात्र मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली एक चोळी होती. गडद निळा खण, लाल रेशमी काठ, आणि बटण, हूक, नाडी यांपैकी काहीच नाही. पुढची दोन टोकं तेवढी लांब ठेवलेली, गाठ मारण्यासाठी.

माझी नोकरीची सगळी वर्षं मोजमापं घेण्यात आणि ड्रॉइंग तपासण्यात गेली. त्यामुळे कागद बाजूला ठेवून मी चोळीच मोजायला बसलो. जुन्या अंतर्वस्त्रांवर निबंध वाचणार म्हटल्यावर मंडळात थोडी खसखस पिकली. पण तलवारी, मोडी कागद आणि वाडे यांवर आपण जेवढं लिहिलं, त्याच्या शतांशानंही आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावरच्या कपड्यावर लिहिलेलं नाही. म्हणून हा प्रयत्न.

चोळी हे अंतर्वस्त्र की बाह्यवस्त्र, हा पहिला प्रश्न. माझं उत्तर : दोन्ही. तिच्या आत काही घालत नसत आणि तिच्यावरून पदर असे. म्हणजे अंग झाकणं आणि छातीला आधार देणं ही दोन्ही कामं एकच कपडा करी. पुढे ही कामं दोन कपड्यांत वाटली गेली. ती कशी, ते ओघानं येईलच.

आधी शब्द पाहू. अमरकोशात ‘चोल’ आणि ‘कूर्पासक’ हे पर्यायी शब्द दिले आहेत. आपल्या सीमाभागात गंमत अशी, की मराठीनं पहिला ठेवला, चोळी, आणि कन्नडनं दुसरा, कुप्पस. एकाच गल्लीत एक बाई चोळी शिवायला टाकते आणि शेजारीण कुप्पस. दोघींना आपापला शब्द आपल्याच मातीतला वाटतो, पण कोशात ते एकाच ओळीत शेजारी बसलेले आहेत. कूर्पासकाचा उल्लेख कालिदासाच्या ऋतुसंहारातही आहे.

शिवलेले कपडे आपल्याकडे मुसलमानी अमलात आले, असं अजूनही ऐकू येतं. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रातली नर्तकी पाहावी. तिच्या अंगावर बाह्यांचा शिवलेला कपडा स्पष्ट दिसतो. मोतीचंद्र आणि गोविंद सदाशिव घुर्ये यांनी प्राचीन वेशभूषेची तपशीलवार छाननी करून ठेवली आहे. घुर्यांचं ‘इंडियन कॉस्च्युम’ १९५१ चं आहे. बिनशिवलेला स्तनपट्ट आणि शिवलेली चोळी या दोन्ही रीती आपल्याकडे फार जुन्या आहेत.

आता कापड. ‘खण’ या शब्दाला मराठीत बरेच अर्थ आहेत. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण, कपाटाचा कप्पा म्हणजे खण, आणि एका चोळीला पुरेल एवढं कापड म्हणजेही खण. घर खणांत मोजायचं आणि चोळीही खणांत. खण म्हणजे मुळात एक माप, हे कळल्यावर मला पुढचं बरंच उलगडलं.

आपल्याकडे खण म्हटलं की गाव एकच, बदामीजवळचं गुळेदगुड्ड, आजच्या बागलकोट जिल्ह्यातलं. तिथले विणकर खड्डामागावर हा खण विणत आले. दोन्ही बाजूंना रंगीत काठ आणि मध्ये बारीक, ठसठशीत नक्षी. नक्षीची नावंही घरगुती आणि देवाधर्मातली : रुद्राक्ष, तुळस, हत्तीचं पाऊल. गुळेदगुड्ड खणाला आता भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. शहापूर ही स्वतः विणकरांची वस्ती. १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होतं, म्हणजे इंग्रजी बेळगावला खेटून असलेली संस्थानी पेठ. लुगडी आणि खण घ्यायला आसपासच्या खेड्यांतली माणसं इथे येत.

आता चोळीचं मोजमाप. हिचे मी एकूण नऊ तुकडे मोजले : पाठीचा एक, बाह्या दोन, काखेतले दोन, बाजूचे दोन आणि कटोऱ्या दोन. खणाचा काठ बाह्यांच्या कडेला आणि पाठीच्या खालच्या कडेला येईल अशा बेतानं कापणी केलेली. वाया गेलेलं कापड जवळजवळ नाहीच. आजच्या ब्लाऊजला असतो तसा एकही टक नाही. मग गोलाई आली कुठून? तिरक्या कापणीतून. हातमागाचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेनं फारसं ताणत नाही, पण कोनात ओढलं की देतं. कटोऱ्या आणि काखेतले तुकडे बरोबर तसे तिरके बसवलेले होते. हात वर केला की काखेतला तुकडा उघडतो, त्यामुळे चोळी वर सरकत नाही. कांडपाला, दळणाला, पाणी शेंदायला हे लागणारच. तिरक्या कापाच्या जोरावर पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने या शिंपिणीचं १९२० च्या दशकात मोठं नाव झालं. आमच्या शहापुरातल्या शिंप्याचं नावही कुणी लिहून ठेवलं नाही.

खरी करामत गाठीची. दोन टोकं छातीच्या खाली ओढून गाठ मारली, की पाठीमागून पुढे असा बरगड्यांभोवती एक ताणलेला पट्टा तयार होतो. पिंपाभोवती लोखंडी पट्टी आवळतात तेच तत्त्व. वजन खांद्यावर न लटकता या पट्ट्यावर बसतं. आजच्या चांगल्या ब्रामध्येही मुख्य भार खालचा पट्टाच पेलतो, खांद्याचे पट्टे फक्त जागा धरून ठेवतात. आणि गाठीला साईझ नसते. बाळंतपणात सैल करा, पाजायला एका हातानं सोडा, आजारपणात अंग उतरलं की आवळा. बाईचं शरीर वर्षभरात जसं बदलेल तसा कपडा बदले, तोही दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय.

त्याच काळातल्या युरोपशी तुलना केली की हे जास्त उमगतं. तिथे कॉर्सेटचं राज्य होतं. देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या आणि नंतर पोलादी पट्ट्या घालून शिवलेला तो पिंजराच. १८२८ च्या सुमारास नाडी ओवण्याच्या भोकांना धातूच्या कड्या आल्या आणि कापड न फाटता अधिकच आवळता येऊ लागलं. पुढे १८८९ मध्ये एर्मिनी कादोल या फ्रेंच बाईनं कॉर्सेटचे दोन भाग केले, वरचा छातीसाठी आणि खालचा कमरेसाठी. १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या तरुणीनं दोन रुमाल आणि रिबीन जोडून केलेल्या ब्रेसियरचं पेटंट घेतलं. त्यात हाडं नाहीत, पोलाद नाही. कापड आणि बंद, एवढंच. ते पेटंट तिनं वॉर्नर कंपनीला १५०० डॉलरला विकलं. याच कंपनीनं १९३० च्या दशकात ए, बी, सी, डी अशी कटोऱ्यांची मापं रूढ केली. जेकबबाईंनी आपली चोळी पाहिली होती असं सुचवण्याचा माझा हेतू नाही. गरज तीच असली की उत्तरंही शेजारी-शेजारी येतात, एवढंच म्हणायचं आहे.

तिकडे कॉर्सेटचे दोन तुकडे झाले, इकडे चोळीचे. सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले हिंदी आयसीएस अधिकारी. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवींनी मुंबईत पारशी बायकांची नेसण पाहिली, आणि ब्लाऊज-परकरासह साडी नेसण्याची नवी पद्धत बंगालात नेली. राजा रविवर्मा १८८१ मध्ये सयाजीराव महाराजांच्या राज्याधिकार समारंभाच्या निमित्तानं बडोद्याला आला. पुढे १८९४ मध्ये त्याचा छापखाना निघाला आणि साडी-चोळीतल्या देवी घरोघरी भिंतीवर गेल्या. गिरणीचं झिरझिरीत कापड आलं, शिलाई मशीन आलं, तयार हूक आले. चोळीच्या जागी पोलकं आणि झंपर आलं. ते सैल आणि पोटापर्यंत लांब, त्यामुळे आधाराचं काम राहून गेलं. मग आत ‘बॉडी’ आली आणि बॉडीनंतर ब्रेसियर. झाकण्याचं काम एका कपड्याकडे आणि आधाराचं दुसऱ्याकडे.

या वाटणीत गाठीची चोळी मागे पडली. शिकलेल्या घरांत ती ‘गावंढळ’ ठरली. खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर ती बरीच वर्षं टिकली, आणि शहरी माणसाला ती दिसू लागली फक्त तमाशाच्या फडात आणि मराठी सिनेमातल्या लावणीत. जो कपडा सगळ्या जणी रोज घालत, तोच पुढे नखऱ्याचा पोशाख म्हणून ओळखला गेला. कपड्यात काही बदल झाला नव्हता, पाहणाऱ्याची नजर बदलली होती.

इथे मला पुन्हा ट्रंकेकडे यावं लागतं. ही एकच चोळी का उरली, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. रोजच्या चोळ्या उरत नाहीत. त्या विरतात, मग त्यांची ठिगळं होतात, वाकळेत जातात, शेवटी पोतेरं होतं. आणि ही तर जवळजवळ कोरी. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “आमच्या आजीला आम्ही आलवणातच पाहिलं. चोळी कुठली घालणार ती?”

पणजोबा १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले. पणजी तेव्हा सव्वीस वर्षांची. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिचं केशवपन झालं, लाल आलवण आलं, आणि चोळी गेली. सोवळ्या विधवेला चोळी नाही. तिची खणा-नारळानं ओटी भरायची नाही. मराठी राज्यात घरातल्या स्त्रियांच्या खासगी खर्चासाठी गाव लावून देत, त्याला ‘चोळी-बांगडी’ म्हणत. ज्या वस्तूच्या नावानं बाईचा हक्क ओळखला जाई, तीच वस्तू नवरा गेल्यावर काढून घेत. त्रावणकोरात नाडर स्त्रियांना छाती झाकण्याच्या परवानगीसाठी दशकानुदशकं झगडावं लागलं. ती परवानगी मिळाली १८५९ मध्ये. बाईनं काय ल्यावं हे दुसऱ्यांनी ठरवायचं, ही रीत इकडेही होती आणि तिकडेही.

म्हणजे ही चोळी टिकली ती जपली म्हणून आणि घालता आली नाही म्हणून. मी तिला नमुना समजून मोजत होतो, आणि ती होती एका बाईनं चाळीसहून अधिक वर्षं गुंडाळून ठेवलेली वस्तू. तिनं ती टाकली नाही, लेकीसुनांना दिली नाही, ओटीतही घातली नाही. याहून जास्त मला माहीत नाही, आणि ते कल्पनेनं भरून काढण्याचा अधिकारही मला नाही.

२०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तेव्हा ती बातमी मी ही चोळी समोर ठेवून वाचली. हेरवाड आमच्यापासून फार लांब नाही. १९१८ पासून मात्र फार लांब आहे.

आज खणाला पुन्हा बरे दिवस आलेत. लग्नसराईत खणाची साडी, खणाचा कुर्ता, खणाची पर्सही मिळते. यातलं पुष्कळसं यंत्रमागावरचं आणि कृत्रिम धाग्याचं असतं, हे घेताना लक्षात ठेवावं. पुढे गाठ असलेले ब्लाऊजही दिसतात, पण बहुतेकांत ती गाठ शोभेची, आत हूक असतात. कापडाची हौस परत आली, बेत परत आला नाही. मी खडेबाजारातल्या एका जुन्या शिंप्याला माझं ड्रॉइंग दाखवलं. त्यानं चष्मा वर करून ते न्याहाळलं आणि म्हणाला, “माझी आई कापायची असलं. मी कधी शिकलोच नाही. गिऱ्हाईकच नव्हतं.” आम्ही दोघांनी मिळून कागदी नमुना तयार केला. तिसऱ्या प्रयत्नात काखेचा तुकडा नीट बसला.

तो नमुना मंडळाकडे ठेवला आहे, कुणीही येऊन उतरवून घ्यावा. आणि एक विनंती. आपल्या घरी जुनी चोळी निघाली तर तिला धुऊ नका, उसवू नका, इस्त्री करू नका. आधी सगळे तुकडे मोजा, कुठला तुकडा तिरका आहे ते पाहा, फोटो काढा. आणि ती कुणाची होती, तिनं ती का ठेवली, हे घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला आजच विचारा.