ऑपरेशन ख्रिसमस ड्रॉप

पश्चिम पॅसिफिक महासागरातील मायक्रोनीशियाच्या दूरस्थ बेटांवर दरवर्षी डिसेंबरमध्ये, लोकांनी दान केलेल्या वस्तू विमानांतून हवाई छत्र्यांच्या साहाय्याने टाकण्याची अमेरिकेच्या हवाई दलाची मोहीम. ग्वॉम बेटावरील अँडरसन हा लष्करी विमानतळ तिचे केंद्र होय. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मानवतावादी हवाई मोहिमांत ही सर्वांत दीर्घकाळ चाललेली समजतात.

मोहिमेचा उगम कोणत्याही योजनेत नाही. १९५२ च्या नाताळाच्या सुमारास हवामान निरीक्षण पथकाचे एक बी–२९ विमान कापिंगामारांगी या कंकणद्वीपावरून जात असता बेटावरील लोक हात हालवीत असल्याचे वैमानिकांना दिसले. त्यांनी विमानातच सापडलेल्या काही वस्तूंचे गाठोडे बांधून हवाई छत्रीने खाली सोडले. पुढे या प्रसंगाची प्रथा झाली. ग्वॉममधील रहिवासी व व्यापारी यांच्याकडून वस्तू व पैसा मिळविणे, खोकी भरणे, त्यांवर छत्र्या बांधणे ही कामे सैनिक, त्यांचे कुटुंबीय व स्थानिक नागरिक स्वेच्छेने करीत आले आहेत. तांदूळ, मासेमारीची जाळी, हत्यारे, कपडे, शालेय साहित्य व खेळणी यांचा वस्तूंत समावेश असतो. सु. १८० किग्रॅ. पर्यंत वजनाची ही खोकी सी–१३० विमानांतून, बहुधा ९०–१०० मी. उंचीवरून, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात सोडतात. जमिनीवर माणसे जमलेली असल्याने पाणीच सुरक्षित ठरते. बेटवासी ती नावांतून ओढून आणतात. छत्रीचे कापड व दोरही वाया जात नाहीत. पन्नासांहून अधिक बेटांवरील सु. २०,००० लोकांपर्यंत ही मदत पोहोचते.

या बेटांची निकड खरी आहे. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच असलेल्या कंकणद्वीपांवर टायफून वादळात खारे पाणी अळूच्या खाचरांत शिरते, नीरफणसाची झाडे मोडतात आणि मालवाहू जहाज महिनोन्महिने फिरकत नाही. उलिथी बेटांना २०१५ मधील मायसाक वादळाने असाच जबर तडाखा दिला. मात्र अशा संकटांना तोंड देण्याची व्यवस्था त्या प्रदेशात पूर्वी होती. याप बेट व त्याच्या पूर्वेकडील बेटे यांच्यामध्ये ‘सावेई’ नावाची देवघेव चाले. बाहेरील बेटांचे लोक विणलेली वस्त्रे, काथ्याचे दोर व शिडांच्या चटया गागिल येथील प्रमुखांकडे नेत आणि अन्न, लाकूड, हळद इ. घेऊन परतत, वादळानंतर आश्रयही मागत. वसाहतींच्या राजवटींत दूरच्या नौकाप्रवासावर निर्बंध आले व ही प्रथा क्षीण झाली. सावेईत घेणाऱ्यालाही काही द्यावे लागे. आकाशातून येणाऱ्या खोक्याची परतफेड करण्याची सोय नाही, कारण विमान तेथे उतरतच नाही.

देणाऱ्याला मात्र लाभ होतो. १९४७ पासून ही बेटे अमेरिकेच्या विश्वस्त कारभाराखाली होती. १९८६ मध्ये मायक्रोनीशियाची संघराज्ये व १९९४ मध्ये पालाऊ हे मुक्त सहबंधाच्या कराराने वेगळे झाले, तरी त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी अमेरिकेकडेच राहिली. २००६ पासून मोहिमेला प्रशिक्षणाचे अधिकृत स्वरूप आले. अल्प खर्चाच्या छत्र्यांनी कमी उंचीवरून अचूक माल टाकण्याचा सराव जपानमधील योकोटा तळावरील वैमानिकांना तीत मिळतो. २०१५ मध्ये जपान व ऑस्ट्रेलिया यांची हवाई दलेही सामील झाली. बेटवासीयांची गरज आणि सैन्याचा सराव यांची इतकी सोयीस्कर सांगड क्वचितच आढळते. परंतु खोकी भरणाऱ्या स्वयंसेवकांचा सद्‌भाव त्यामुळे खोटा ठरत नाही.

ग्वॉमहून माल पाठविण्यात एक धोकाही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, बहुधा लष्करी मालातून, तेथे पोहोचलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने बेटावरील बहुतेक स्थानिक वनपक्षी नष्ट केले, तर नारळाची झाडे पोखरणारा गेंड्या भुंगा तेथे २००७ मध्ये आढळला. नारळावर जगणाऱ्या कंकणद्वीपांवर तो पोहोचू नये, म्हणून बाहेर जाणाऱ्या मालाच्या तपासणीला विशेष महत्त्व आहे.