‘क्षुद्र’ रोग आणि ‘साइड’ इफेक्ट

गेल्या वेळचं व्याख्यान संपल्यावर एक मुलगी पायऱ्यांवर माझी वाट पाहत थांबली होती. वीस-बावीस वर्षांची असेल. म्हणाली, “सर, मुरुमांसाठी चार महिने गोळ्या घेतल्या. चेहरा स्वच्छ झाला, पण केस मूठमूठ जायला लागले. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, किरकोळ साइड इफेक्ट आहे. पण किरकोळ कुणाच्या हिशेबाने?” मी म्हटलं, पुढच्या वेळी ये, यावरच बोलतो. आज ती आली आहे.

प्रश्न जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात तेरावा अध्याय आहे क्षुद्ररोगांचा. त्यात तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या पुळ्यांना ‘मुखदूषिका’ म्हटले आहे आणि त्यांना उपमा दिली आहे काटेसावरीच्या काट्यांची. सावरीचं खोड ज्यांनी पाहिलंय त्यांना ती लगेच पटेल. आणि गंमत बघा, केस गळण्याचा विकारही त्याच अध्यायात, थोडा आधी. दोन्ही एका यादीत आणि यादीचं नाव ‘क्षुद्र’. म्हणजे वर्गीकरण करणाऱ्याने जिवाला धोका हा निकष धरला. तो चुकीचा नाही. पण आरशासमोर उभा राहणारा माणूस दुसऱ्या निकषाने मोजतो.

आता एकदम थंड प्रदेशात जाऊ या. १५९६ साली विलेम बारेंट्स या डच दर्यावर्दीचं जहाज नोवाया झेम्ल्या बेटाजवळ बर्फात अडकलं. तिथल्या मुक्कामात खलाशांनी पांढऱ्या अस्वलाचं यकृत, म्हणजे काळीज, शिजवून खाल्लं. सगळे आजारी पडले. तिघांची अवस्था फार वाईट झाली, डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली. त्यांच्यातल्याच डी वीर नावाच्या माणसाने हे लिहून ठेवलं.

दुसरी गोष्ट दक्षिण ध्रुवाकडची. १४ डिसेंबर १९१२ रोजी डग्लस मॉसन यांच्या तुकडीतला निनिस बर्फाच्या भेगेत कोसळला आणि त्याच्याबरोबर बहुतेक अन्नसाठाही गेला. उरलेले दोघे, मॉसन आणि मेर्ट्स, आपलेच कुत्रे मारून खात परत निघाले. काळीज चावायला मऊ, म्हणून तेही खाल्लं. दोघांची कातडी निघू लागली, केस गळू लागले. जानेवारी १९१३ मध्ये मेर्ट्स गेला. मॉसन तळावर पोचले तेव्हा तळपायांची कातडी सुटलेली होती. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी म्हटलं की हा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाचा प्रकार असावा. उपासमारीचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. पण लक्षणांची जोडी लक्षात ठेवा, कातडी आणि केस.

आता १९४३ हे साल घ्या. रोडाल आणि मूर या दोघांनी दाखवून दिलं की अस्वलाच्या काळजातलं विष म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वच, प्रचंड प्रमाणात साठलेलं. आणि त्याच वर्षी अमेरिकेत स्ट्रॉमफोर्ड नावाच्या डॉक्टरांनी मुरुमांवर ‘अ’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. एकाच पदार्थाकडे एकजण विष म्हणून बघतोय, दुसरा औषध म्हणून! चरकाने सांगून ठेवलंय की नीट योजलं तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होतं, आणि वाईट योजलं तर औषधाचंही विष होतं. फरक मात्रेचा आणि योजनेचा.

पुढे शोध सुरू झाला तो या पदार्थाचा गुण ठेवून विषारीपणा कमी करण्याचा. त्यातून आयसोट्रेटिनॉइन आलं. अमेरिकेत गॅरी पेक आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये आपला अनुभव मांडला. कशालाही दाद न देणारे, गाठीगाठींचे मुरूम असलेले चौदा रुग्ण, चार महिने औषध, आणि तेरा जणांचे चेहरे पूर्ण स्वच्छ. १९८२ मध्ये तिथे औषधाला मान्यता मिळाली. हे मोठं यश होतं, ते नाकारू नका. त्या मुरुमांचे व्रण घेऊन माणसं आयुष्यभर मान खाली घालून वावरत असत.

पण किंमतही लवकरच कळली. गरोदरपणी हे औषध घेतलं तर बाळात गंभीर व्यंगं येतात. हा धोका सगळ्यात मोठा, म्हणून सगळी सावधगिरी त्याच्याभोवती उभी राहिली, आणि ते योग्यच होतं. केस मात्र माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत राहिले. थोड्याच जणांना हा त्रास होतो, मोठ्या मात्रेत जास्त. बहुतेकांचे केस औषध थांबल्यावर परत येतात, काहींचे येत नाहीत.

आता माझा मुद्दा. ‘साइड’ म्हणजे बाजूचा. पण शरीरात बघा, तेल सोडणारी ग्रंथी आणि केसाचं मूळ ही वेगळी घरं नाहीतच. ग्रंथीचं तोंड केसाच्या नळीतच उघडतं. एकाच वाड्यातल्या दोन खोल्या. औषध एकीत शिरलं तर दुसरीत त्याची चाहूल लागणारच. औषधाला ‘मुख्य’ आणि ‘बाजूचं’ कळत नाही. ती रेघ आपण मारतो, आपल्या हेतूने. मिनॉक्सिडिल घ्या. ते रक्तदाबाचं औषध, रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून तक्रार आली. १९८८ मध्ये अमेरिकेत तेच डोक्याला लावायचं औषध म्हणून मान्य झालं. हेतू बदलला, बाजूचं मधोमध आलं.

दुसरा मुद्दा कारणाचा. डेव्हिड ह्यूम म्हणतो, कारण आणि कार्य आपल्याला जवळजवळ दिसतात म्हणून आपण त्यांची सांगड घालतो. केस इथे फसवतात. केसाचं मूळ विश्रांतीत गेलं की केस गळतो दोन-तीन महिन्यांनी. तोवर मधे ताप येऊन गेलेला असतो, परीक्षा झालेली असते. मग कुणी म्हणतं टेन्शन, कुणी म्हणतं पाणी बदललं. आणि कधीकधी खरंच दुसरं कारण असतं, लोह कमी असतं, थायरॉइड असतो. आपले नैयायिक म्हणूनच सांगतात, कार्याच्या आधी नुसतं असून भागत नाही, नेमाने असावं लागतं आणि योगायोगाने चिकटलेलं नसावं लागतं. ते तपासायचं तर आधी रुग्णाचं ऐकून तारीखवार लिहून घ्यावं लागतं. ‘किरकोळ’ म्हटलं की ते लिहिणंच थांबतं. डी वीरने लिहून ठेवलं नसतं, तर साडेतीनशे वर्षांनी रोडाल-मूर यांनी शोधलं काय असतं?

तेव्हा बाळ, तुला माझं सांगणं एवढंच. गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस, मी काही डॉक्टर नाही. कधी सुरू केली, किती घेतली, केस कधीपासून गेले, हे कागदावर लिही आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेव. चेहरा हवा की केस, यातली निवड करायची वेळ आलीच, तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने पण तुझी असली पाहिजे. धोका किती, हे त्यांनी सांगायचं. तो तुझ्यासाठी क्षुद्र आहे का, हे तू.