उपाहारगृह-तपासणी व गुणांकन : मुंबई उपनगरे

उपाहारगृहाची जागा, पाणी, शिधा, भांडी, पाकक्रिया आणि तेथे राबणाऱ्या माणसांची शुचिता यांची सरकारी पाहणी करून तिचे फलित गुणांत व श्रेणीत नोंदविण्याची पद्धती. अंधेरी व घाटकोपर १९५० च्या, तर बोरिवली व मुलुंड १९५७ च्या हद्दवाढीने मुंबई महापालिकेत आली, आणि हद्दीमागोमाग १८८८ च्या महापालिका अधिनियमाचा अंमलही तेथील खाणावळींवर बसला. या अधिनियमाच्या ३९४ व्या कलमाखालील आरोग्य परवान्याचा कारभार प्रभागाचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी पाहतात. या परवान्यात गुण नाहीत. तो मिळतो किंवा नाकारला जातो. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियमाचा रोख नमुन्यावर, म्हणजे दुधातल्या पाण्यावर आणि हळदीतल्या रंगावर होता. भटारखान्याची मोरी त्याच्या दृष्टीने गौणच राहिली.

गुणांकन आले ते अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झालेल्या त्याच्या विनियमांच्या पाठबळाने. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. विनियमांच्या चौथ्या अनुसूचीवर आधारलेली तपासणी-सूची हाती घेऊन अन्न सुरक्षा अधिकारी भटारखान्यात उतरतो. सर्वसाधारण बाबीस २ गुण, तारांकित बाबीस ४, एकूण ११४. १०० व त्यापुढे ‘ए प्लस’, ९१ ते ९९ ‘ए’, ८१ ते ९० ‘बी’, आणि त्याखाली श्रेणीच नाही. परंतु या बेरजेवर फार विसंबू नये. पिण्यायोग्य पाणी किंवा पदार्थ आतपर्यंत पुरेसा शिजणे यांसारख्या तारांकित बाबीत कसूर आढळली, तर बाकीचे सारे गुण पदरात असूनही शेरा ‘अननुपालन’ असाच पडतो. चकचकीत लाद्या आणि दर्शनी भिंतीवरचा परवाना यांनी दूषित पाण्याची भरपाई होत नाही, हे या सूचीचे खरे मर्म होय. न्यूयॉर्क शहरात रीत उलटी, तेथे दोषांचे गुण मोजतात आणि १३ पर्यंतच ‘ए’ अक्षर मिळते; मात्र ते अक्षर दारावर लावावे लागते.

आपल्याकडे निकाल ग्राहकापर्यंत नेणारा हाच दुवा अशक्त आहे. अधिकाऱ्याने दिलेला आकडा बहुधा दफ्तरी राहतो. ग्राहकासाठी केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हसऱ्या चेहऱ्यांचे, एक ते पाच असे स्वच्छता-मानांकन काढले खरे, पण ते ऐच्छिक असून मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था त्यासाठी परीक्षण करतात. साहजिकच ज्याला आपल्या भटारखान्याची खात्री आहे तोच पुढे येतो, आणि ज्याची खात्री ग्राहकाला हवी असते तो मागे राहतो. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्न परवान्याचा वा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक छापणे बंधनकारक झाले आहे. त्यातला पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर केवळ नोंदणी. पुढचे १५ हे महाराष्ट्राचे. घाटकोपरच्या खाऊगल्लीतील गाडीवाला सामान्यतः नोंदणीच्याच वर्गात मोडतो. तळणीच्या तेलातील ध्रुवीय घटक २५ टक्क्यांहून अधिक नसावेत, हा १ जुलै २०१८ पासूनचा नियम त्यालाही लागू आहे. पण कढईतले तेल मोजायला उपकरण लागते, आणि संध्याकाळच्या गर्दीत ते कोण लावणार?

दोष आढळल्यास पदनिर्देशित अधिकारी २००६ च्या अधिनियमाच्या ३२ व्या कलमान्वये सुधारणा नोटीस बजावतो. मुदत किमान १४ दिवसांची. ती पाळली न गेल्यास परवाना निलंबित होतो, आणि त्यानंतरही दुरुस्ती न झाल्यास रद्द. आरोग्यास तात्काळ धोका असेल तर ३४ व्या कलमाखाली मनाई-हुकुमाची तजवीज आहे. नोटिशीविरुद्ध अपील अन्न सुरक्षा आयुक्तांकडे होते व त्यांचा निर्णय अंतिम असतो.