पुण्यातील संशोधनसंस्था

पुणे शहरात व त्याच्या परिसरात मुख्यतः विसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या, विषयाने एकमेकींशी फारसे नाते नसलेल्या संशोधनसंस्थांचा समूह. भांडारकर रस्ता, विधी महाविद्यालय रस्ता आणि आगरकर रस्ता या टापूत थोडे पायी हिंडले, तर महाभारताची हस्तलिखिते, बुरशींचे वाळवलेले नमुने आणि खेड्यापाड्यांतल्या कुटुंबांचे जमाखर्च सांभाळणाऱ्या इमारती एकामागोमाग एक लागतात. पाषाणकडे वळल्यावर रसायने व मॉन्सून, खडकवासल्याला नद्या आणि जुन्नर तालुक्यातील खोडदला दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओलहरी, असा पसारा वाढत जातो.

या पसाऱ्यामागे कोणाचीही आखणी नव्हती. पुणे विद्यापीठ स्थापन झाले ते १९४९ मध्ये. तोवर येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर संस्था, हवामानखात्याची कचेरी, गोखले संस्था आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या सगळ्या विद्यापीठापेक्षा वयाने मोठ्या आहेत. म्हणजे संशोधन येथे विद्यापीठाच्या विभागांतून फुटले नाही. कोठे वर्गणीदार सभासदांचे मंडळ, कोठे एखाद्याची देणगी, कोठे सरकारी खाते अशा वेगवेगळ्या उगमांतून ते आले. पुण्याच्या संशोधनातील विविधतेचे आणि संस्थांनी आपापल्या कुंपणात राहण्याच्या सवयीचेही हे एक कारण मानता येते.

सर्वांत जुना धागा कागदपत्रांचा. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. पुढे तिचे बावीस खंड झाले. वाडे, मठ आणि वतनदारांची घरे धुंडाळून मोडी दप्तरे गोळा करण्याच्या या खटाटोपाला घर मिळावे म्हणून १९१० मध्ये सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झाले. पेशव्यांचे सरकारी दप्तर मात्र वेगळे, सरकारच्या ताब्यात राहिले. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३०–३४ या काळात ४५ भागांत छापले गेले. इतिहासलेखनाआधी साधने छापली पाहिजेत, हा या पिढीचा आग्रह होता आणि तो तिने कधीकधी इतिहास लिहिण्याचे राहून जाईपर्यंत पाळला.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झाली. मुंबई सरकारने जमवलेला आणि तोवर डेक्कन कॉलेजात ठेवलेला हस्तलिखितांचा संग्रह पुढील वर्षी तिच्याकडे आला. त्यातील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची नोंद २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात झाली. संस्थेचे सर्वांत मोठे काम म्हणजे महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १९१९ मध्ये हाती घेतलेल्या या कामाला शिस्त लागली ती १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाल्यावर. सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले आणि मग बर्लिनला संस्कृतकडे वळले. त्यांच्या पद्धतीत गणिती काटेकोरपणा दिसतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. आखलेल्या कागदाच्या माथ्यावर श्लोक लिहायचा, त्याची अक्षरे चौकटीचौकटीत मांडायची आणि प्रत्येक हस्तलिखितातला फरक त्या त्या अक्षराखाली उतरवायचा, अशी ती पद्धत होती. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळमपर्यंतच्या प्रती अशा रीतीने एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या. एकूण १२५९ हस्तलिखिते वापरली गेली. सुकथनकर १९४३ मध्ये वारले, श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी काम पुढे नेले आणि १९६६ मध्ये ते १९ ग्रंथांत पुरे झाले. पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहासही याच संस्थेने १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केला. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने संस्थेवर हल्ला करून ग्रंथ आणि हस्तलिखितांची नासधूस केली.

डेक्कन कॉलेजची कथा उलट्या दिशेची आहे. १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेले हे विद्यालय पुढे येरवड्याच्या आवारात महाविद्यालय म्हणून नावारूपास आले, १९३४ मध्ये बंद पडले आणि १९३९ मध्ये केवळ पदव्युत्तर अध्ययन व संशोधनासाठी पुन्हा उघडले. त्याच सुमारास हसमुख धीरजलाल सांकळिया पुरातत्त्वासाठी आणि इरावती कर्वे समाजशास्त्र व मानवशास्त्रासाठी तेथे रुजू झाले. सांकळियांच्या शिष्यपरंपरेने नेवासे, जोर्वे, नावडातोली अशा स्थळांचे उत्खनन केले. त्यांतील शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावचे काम १९६८ ते १९८३ पर्यंत चालले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. घरांच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली मुले सापडली. प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडून दफन केल्याचेही दिसले. जळालेले धान्य वनस्पतितज्ज्ञाकडे, जनावरांची हाडे प्राणितज्ज्ञाकडे, दात आणि सांगाडे शारीर मानवशास्त्रज्ञाकडे अशी वाटणी झाली आणि एका खेड्याचा इतिहास अनेक शास्त्रांनी मिळून लिहिला. पुण्यातील संशोधनात विषयांची खरी सरमिसळ शोधायची, तर ती इनामगावच्या मातीत सापडते.

याच आवारात १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वावरचा संस्कृत कोश आरंभला. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्दांच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या; त्यांची संख्या एक कोटीच्या घरात सांगतात. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. त्यानंतर खंडामागून खंड आले, तरी शब्दक्रम दीर्घकाळ पहिल्या अक्षरातच राहिला. अर्थसंकल्पाच्या वार्षिक मापाने अशा कामाचे मोल ठरवणे अवघड जाते.

निसर्गविज्ञानांची सुरुवात सरकारी गरजेतून झाली. मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्याने १९१६ मध्ये काढलेल्या छोट्या शाखेतून खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र वाढले. नदीचे पात्र, बंदराचे तोंड किंवा धरणाचा सांडवा लहान प्रमाणात सिमेंट व वाळूत बांधायचा, त्यातून पाणी सोडायचे आणि गाळ कोठे साचतो ते पाहायचे, ही तेथील मूळ रीत. भारतीय हवामानखात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेले, पण पावसाच्या नोंदी, उपकरणांची जुळणी व तपासणी आणि मॉन्सूनचा दीर्घ मुदतीचा अंदाज ही कामे पुण्यातच राहिली. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. वातावरणातील उपकरणे भारतात बनावीत म्हणून झटलेल्या अन्ना मणी १९४८ पासून येथेच काम करीत होत्या. १९६२ मध्ये उष्णदेशीय हवामानविज्ञानाची स्वतंत्र संस्थाही पुण्यात निघाली आणि पुढे पाषाणला स्थिरावली.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन जानेवारी १९५० मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. जेम्स मॅकबेन हे तिचे पहिले संचालक. रंगद्रव्यांचे रसायन, उत्प्रेरक, बहुवारिके अशा उद्योगांच्या उपयोगाच्या विषयांवर तिचा भर राहिला; के. वेंकटरामन, बा. द. टिळक आणि रघुनाथ माशेलकर हे पुढील संचालक त्याच वळणाचे. तरीही तिच्या नावापलीकडचे एक काम जगभर गाजले. बांबूला एरवी कित्येक दशकांनी एकदाच फुलोरा येतो. ऊतिसंवर्धनाने वाढवलेल्या बांबूच्या रोपांना येथे काही महिन्यांतच बाटलीत फुले आणि बिया आल्या. हे निष्कर्ष १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

रॉकफेलर प्रतिष्ठान आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी १९५२ मध्ये काढलेले विषाणू संशोधन केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झाले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि लोकांनाही ताप येऊ लागला, तेव्हा या केंद्राने गोचिडीवाटे पसरणारा एक नवाच विषाणू वेगळा काढला. त्या ताप-विकाराला जंगलाचेच नाव पडले. लोक त्याला माकडताप म्हणतात.

मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर कलकत्ता विद्यापीठातून निवृत्त होऊन परतले आणि १९४६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तिच्या संशोधनसंस्थेला १९९२ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. ही संस्था आगरकर रस्त्यावर असल्याने आघारकर आणि आगरकर यांची गल्लत नवख्याकडून हमखास होते. तिच्या गहू आणि सोयाबीनच्या वाणांना वर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडलेली असतात. पुष्कळ शेतकऱ्यांना ‘मॅक्स’ ठाऊक असते, संस्था ठाऊक नसते.

गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारतसेवक समाजाच्या छत्राखाली उभी राहिली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी घरोघर जाऊन पाहणी करण्याची परंपरा घालून दिली. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचे १९७१ मधील दारिद्र्यविषयक लेखन याच संस्थेचे. माणशी रोज २२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च त्यांनी रेषा मानला आणि १९६०–६१ मध्ये ग्रामीण भागातील ४० टक्के, तर शहरांतील ५० टक्के लोक त्या रेषेखाली असल्याचे दाखवले. दारिद्र्यरेषेची पुढची सारी चर्चा या आकड्यांशी भांडत किंवा त्यांना धरून झाली.

विषय इतके दूरचे असले, तरी या संस्थांच्या मुळाशी बहुधा एक संग्रह असतो: हस्तलिखिते, शब्दांच्या चिठ्ठ्या, खापरे, पावसाचे तक्ते, कुटुंबांच्या अनुसूची, वाळवलेल्या बुरशी, गोठवून ठेवलेले विषाणू. रासायनिक प्रयोगशाळेतही उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. संग्राहकाचे काम दुय्यम मानण्याची रूढी असली, तरी मूळ नमुना जपलेला असल्यानेच नंतरच्या अभ्यासकाला आधीचा निष्कर्ष तपासून पाहता येतो. मात्र एका संग्रहावर काम करणारा दुसऱ्याच्या दारात क्वचितच जातो.

ठळक अपवाद दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचा. गोव्यात जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेलेले कोसंबी राहत भांडारकर संस्थेजवळच. गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर मोजण्याचे त्यांचे १९४४ मधील सूत्र आनुवंशिकीत त्यांच्याच नावाने चालते. चलनात फिरताना नाणे झिजते, म्हणून हजारो आहत नाणी तोलून त्यांनी वजनाच्या संख्याशास्त्रातून त्यांचा क्रम लावला. १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली आणि पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर सूक्ष्मास्त्रे वेचत प्राचीन वाटांचा माग घेतला. त्यांच्या निष्कर्षांवर वाद झाले; पद्धतीची छाप टिकली.

१९८० नंतरची भर मुख्यतः केंद्र सरकारच्या पैशातून पडली. १९८८ मध्ये संगणकासाठी सी-डॅक आणि विद्यापीठाच्या आवारात खगोलविज्ञानासाठी जयंत नारळीकरांची आयुका सुरू झाली. सी-डॅकचा ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ मध्ये तयार झाला. आयुकाच्या शेजारीच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतील महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण त्याने नारायणगावजवळ खोडदला उभारली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांपैकी चौदा मध्यभागी आणि उरलेल्या तीन दिशांना, एकूण सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. भरीव पत्र्याऐवजी दोरांवर ताणलेली तारेची जाळी वापरल्याने वाऱ्याचा जोर कमी लागतो आणि खर्चही वाचतो. डोंगरांचा आडोसा आणि रेडिओ गोंगाटाचा अभाव पाहून ही जागा निवडली होती. पुणे–नाशिक जलद रेल्वेची आधी ठरलेली वाट या दुर्बिणीजवळून जात असल्याने ती बदलण्याची वेळ आली.