नाडी, पट्टा आणि घड्याळ

पेणला पहाटे पोलीस भरतीचे १६०० मीटर पळणारी पोरं बघा, नाहीतर नागोठण्यामार्गे रोह्याला निघालेले सायकलवाले. ठोके मोजणारं घड्याळ कुठलं घ्यायचं, हा प्रश्न सगळ्यांचाच. उत्तर इतिहासात आहे.

आपले वैद्य अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवून नाडी बघायचे. शार्ङ्गधरसंहितेत तिच्या चालीला साप, बेडूक, हंस अशा उपमा आहेत. पण नुकताच व्यायाम केलेल्याची नाडी बघू नये, असा जुना दंडक. सरावाला तर नेमका तोच आकडा हवा!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्सच्या आइंथोवेननं हृदयाची वीज टिपली. १९२४ साली त्याला नोबेल मिळालं, पण यंत्र होतं अवाढव्य. पुढे फिनलंडमध्ये १९७७ साली पोलार कंपनी निघाली आणि १९८०च्या दशकात छातीच्या पट्ट्यावरून मनगटावर बिनतारी आकडा दिसू लागला.

आजही फरक तोच. पट्टा हृदयाची वीज टिपतो. घड्याळ हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लाट बघतं, म्हणजे वैद्यांसारखी नाडीच! खड्ड्यांत हँडल घट्ट धरलं, मनगट हादरलं, की ती चुकू शकते. म्हणून एका लयीत पळायला घड्याळ चालेल. सायकल आणि वेगाच्या फेऱ्यांना पट्टा घ्या, ओला करून बांधा.

आणि हो, छातीत दुखलं, चक्कर आली, तर आकडा काहीही असो, थांबा आणि डॉक्टर गाठा.