पालखीतला खंड्या आणि दारातला मोत्या

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीत पहिला बाण सुटला आणि आमच्या घरची काळी जी पलंगाखाली शिरली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आली. ना पाणी, ना भाकरी. माझी नात जमिनीवर पालथी पडून तिला हाका मारीत होती. दमल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो. मग कुत्र्याचा दिवस आपल्यात का नाही? नेपाळात असतो."

पोरीचे म्हणणे खरे होते. आपली नरकचतुर्दशी असते त्याच सुमारास नेपाळात कुत्र्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि त्याला पोटभर खाऊ घालतात. परंतु मी पडलो इतिहासाचा जुना विद्यार्थी. 'आपल्यात नाही' असे कोणी म्हटले की माझा हात आपोआप पुस्तकांच्या कपाटाकडे जातो. तसा तो गेला, आणि वर्षभर जे सापडत गेले ते येथे मांडीत आहे. कुत्र्याला मान दिल्याचे पुरावे आपल्याकडे ढिगाने निघाले. त्याची जपणूक केल्याचे मात्र वेचून काढावे लागले.

सुरुवात आमच्या शहराच्या आसपासच होते. (शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले, माझ्या पिढीच्या तोंडी अजून औरंगाबाद येते, त्याबद्दल तरुण वाचकांनी सांभाळून घ्यावे.) गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. १९७४ साली तेथे छबू लक्ष्मण भिल्ल हा गावकरी एका झाडाची मुळे खणीत असता त्याच्या कुदळीला काशाची चार शिल्पे लागली. हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैलांचा एक रथ. रथात एक पुरुष उभा आहे, आणि त्याच्या पुढे, रथाच्या दांडीवर, एक कुत्रा उभा आहे. बैल ओढताहेत, माणूस हाकतो आहे आणि कुत्रा काही न करता पुढे पाहतो आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या ओतकाम करणाऱ्याला कुत्र्याचा स्वभाव ठाऊक होता, एवढे मला त्या शिल्पावरून पटले. बैलगाडीच्या पुढे-मागे मिरवणारा कुत्रा आजही आमच्या खेड्यापाड्यांतून दिसतो.

त्यानंतर एकदम अजिंठा. सतराव्या लेण्यात राजाच्या मृगयेची जी चित्रे आहेत त्यांत घोड्यांच्या पायाशी शिकारी कुत्रे धावताना दिसतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाने मन कसे रमवावे हे सांगताना त्याने हत्ती-घोड्यांच्या जोडीला कुत्र्यांच्या खेळालाही जागा दिली. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात पारध्यांची एक गोष्ट येते. पैज लावून सशामागे सोडलेले कुत्रे, जीव वाचवायला चक्रधरस्वामींच्या आसनाखाली शिरलेला ससा, आणि 'आमचा ससा आम्हांला द्या' म्हणून अडून बसलेले शिकारी. स्वामींनी ससा दिला नाही. आपण शाळेत ही गोष्ट वाचली ती सशासाठी. या खेपेला मी ती कुत्र्यांसाठी वाचली. पैज माणसांची, धाव कुत्र्यांची. आणि खेळ मोडल्यावर त्या धापा टाकणाऱ्या जनावरांना पाणी कोणी दाखवले, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

अशा लांब पायांच्या शिकारी कुत्र्यांची एक जात आमच्या मराठवाड्यात अजून टिकून आहे. तिला कारवानी म्हणतात. निमुळते तोंड, खोल छाती, मुठीत मावेल अशी कंबर. हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर शिकार धरतो. लातूरकडच्या काही गावांत त्याची पैदास पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. कानाशेपटीला रेशमासारखे केस असले की त्याला पश्मी म्हणायचे. दक्षिणेकडे मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानात याच जातीला राजाश्रय मिळाला आणि ती मुधोळ या नावाने जगाला ठाऊक झाली. २००५ साली टपाल खात्याने तिचे तिकीटही काढले. ज्यांनी ती जात खरोखर सांभाळली ते मेंढपाळ आणि शेतकरी मात्र तिकिटावर आले नाहीत. या कुत्र्याच्या अंगावर ना चरबी, ना दाट केस. उघड्या फरशीवर निजला की कोपरांना घट्टे पडतात आणि पुढे ते चिघळतात. म्हणून त्याला गोणपाट नाहीतर घोंगडी हवी. भरल्या पोटी त्याला पळवू नये. दिवसातून एकदा मोकळे रान द्यावे, नाहीतर तो खंगतो किंवा चिडका होतो. धनगराला हे सगळे ठाऊक असते आणि ते त्याने कोठल्याही ग्रंथात वाचलेले नसते. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार बंद झाली आहे, तेव्हा या धावपटूची धाव कशी भागवायची हा पाळणाऱ्यापुढचा प्रश्न आहे.

देवाधर्माकडे वळले तर कुत्रा जागोजागी भेटतो. दत्ताच्या पायाशी चार, म्हणजे चार वेद. खंडोबाच्या घोड्याबरोबर एक. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवितात, भुंकतात आणि कोटंब्यातून प्रसाद खातात. नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. कुत्र्यांचे प्रदर्शनही तेथे असते. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळविली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा कोणाला ठाऊक नाही? आणि तरीही, त्याच आपल्या घरात कुत्र्याने उंबरा ओलांडला की 'हाड्!' हा शब्द पहिला निघतो.

आमच्या जुन्या मोहल्ल्यांतून याच्या उलट मांजराचे राज्य असे. मुसलमान शेजाऱ्यांकडे कुत्रा अंगणाबाहेर आणि मांजर गादीवर. मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाली आणि तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याचे पाप माफ झाले, या दोन्ही गोष्टी हदीसमध्ये आहेत. आमच्या शेजारच्या चाची ती दुसरी गोष्ट सांगत आणि उन्हाळ्यात दाराबाहेर पाण्याचे परळ भरून ठेवीत. मांजराच्या बाबतीत मात्र त्यांची आणि आमच्या आजीची चूक एकच होती. दोघींचाही असा समज की मांजराला दूध दिले म्हणजे झाले. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, त्यांना जुलाब होतात. शिवाय टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराला मांसातूनच मिळवावे लागते. ते न मिळाले तर त्याचे डोळे जातात, हृदय दुबळे होते. हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात यायला १९७०-८० ची दशके उजाडली. आजीची मांजरे धडधाकट राहिली ती माळ्यावरच्या उंदरांमुळे, आजीच्या दुधामुळे नव्हे! असो.

आता खंड्या. सातारच्या शाहू महाराजांचे बालपण आमच्याच प्रांताशी बांधलेले आहे. १६८९ साली रायगड पडला तेव्हा हे सात वर्षांचे पोर आई येसूबाईंसह औरंगजेबाच्या छावणीत गेले आणि १७०७ साली बादशहा वारल्यावर पंचविशीत सुटले. बादशहाची कबर आमच्या शेजारी खुलताबादेला आहे. शाहूराजे सातारला राजे झाले. पुढे वाघाच्या शिकारीत एका कुत्र्याने त्यांचा जीव वाचविला. महाराजांनी त्याला जहागीर लावून दिली, पालखीचा मान दिला, आणि पालखीबरोबरची माणसेही नेमली. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हे दिले आहे. तो पुढे लिहितो की उतारवयात एकदा भर दरबारात महाराजांनी कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. पुढे महाराजांनी डोक्याला काही म्हणून घातले नाही. डफच्या मते हे बुद्धिभ्रंशाचे लक्षण.

डफसाहेब सातारला राहिलेला, कागद पाहिलेला माणूस. त्याची हकीगत मी खोटी म्हणत नाही, पण त्याचा निवाडा मला मान्य नाही. ज्याचे अठरा वर्षांचे आयुष्य शत्रूच्या राहुट्यांत गेले त्याला निखळ विश्वास कोठे आढळला हे त्यालाच ठाऊक. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी खंड्याची समाधी आहे, दगडात त्याची मूर्ती आहे. रायगडावरच्या वाघ्यासारखा येथे वाद नाही. वाघ्याचे स्मारक १९३६ सालचे, आणि त्याला शिवकाळातला कागद नाही. खंड्याचे तसे नाही. मी माहुलीला गेलो तेव्हा त्या मूर्तीपाशी बराच वेळ बसलो. मनात एकच येत होते: पालखी मिळाली, जहागीर मिळाली, पण याच्या कानातल्या गोचिडी कोण काढीत असेल? वाघाने ओरबाडले असेल तर जखम कोणी धुतली असेल? जो कोणी असेल त्याचे नाव त्या दगडावर नाही.

औषधपाण्याचा इतिहास सुरू होतो तो दंग्यापासून. मुंबईत पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीने उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी नियम होता आणि दर कुत्र्यामागे बक्षीस असे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरात शिरून पाळीव कुत्री ओढू लागले. पारशी समाजात कुत्र्याला मोठे धार्मिक स्थान आहे. मृताला शेवटचे कुत्र्याच्या नजरेखालून नेतात, त्याला सगदीद म्हणतात. ६ जून १८३२ रोजी पारशी रस्त्यावर उतरले. हिंदू, जैन, मुसलमानही त्यांना मिळाले. बाजार बंद पडला, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली आणि अखेर लष्कर बोलवावे लागले. त्याच मुंबईत पन्नास वर्षांनी, एका पारशी गृहस्थाच्या, सर दिनशा पेटिटांच्या, देणगीतून परळला जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. त्याला बाई साकरबाईंचे नाव दिले. त्याच्या जोडीने १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आमच्याकडे असे महाविद्यालय यायला १९७२ साल उजाडले, तेही परभणीला. तोवर गावोगाव 'गुरांचा दवाखाना' होता खरा, पण त्याच्या दारी बैल, म्हैस, शेळी जायची. कुत्र्याला तेथे नेतात हेच आमच्या कोणाच्या डोक्यात नव्हते. याची किंमत आमच्या घराने दिली आहे.

आमच्या वाड्यात मोत्या होता. गावठीच, पण देखणा. आई त्याला रोज पहिली भाकरी घाली; दिवाळीला त्याच्यासाठी वेगळी करंजी असे. लूत लागली तर करंजाचे तेल, गोचिडी झाल्या तर राखेचा हात, इथवर आमचे वैद्यक. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एका उन्हाळ्यात बाहेरच्या कुत्र्याशी मोत्याची झटापट झाली. मानेवर लहानशी जखम होती, ती बुजली. महिन्याभराने तो कोपऱ्यात तोंड घालून बसू लागला, आवाज बदलला, लाळ गळू लागली. माझा धाकटा भाऊ त्याला पाणी पाजायला गेला आणि मोत्याने त्याचा हात धरला. आजीने जखमेत तिखट भरले. वडील रात्रीच त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले आणि दुसऱ्या दिवसापासून पोटात चौदा इंजेक्शने सुरू झाली. ती लस कसौलीला सेंपल नावाच्या डॉक्टरने १९११ साली तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून केलेली. आता ती राहिलेली नाही. २००५ च्या सुमारास आपल्याकडे ती बंद झाली आणि हातात घ्यायच्या, कमी त्रासाच्या लसी आल्या. भाऊ वाचला. मोत्या तिसऱ्या दिवशी गेला. आम्ही त्याला परसात पुरले तेव्हा आई म्हणाली, "काय कमी केलं होतं रे त्याला आपण?" उत्तर मला पुष्कळ वर्षांनी कळले. पाश्चरने १८८५ सालीच लस माणसाला टोचून दाखविली होती. त्यानंतर कुत्र्यांसाठीही लस निघाली. आमच्या मोत्याला ती एकदाही टोचलेली नव्हती.

काळी आमच्याकडे आली तेव्हा ती तीन महिन्यांची होती, आणि पहिल्याच आठवड्यात मी तिला लस टोचून आणली. आता दर वर्षी टोचतो. तारीख देवघरातल्या पंचांगावर लिहिलेली असते, म्हणजे विसरत नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवले आहे की कोठल्याही कुत्र्याने किंवा मांजराने ओरखडा जरी काढला तरी आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पाव तास धुवायची, तिखट-चुना काही भरायचा नाही, आणि तडक दवाखाना गाठायचा. रोग एकदा अंगात दिसू लागला की जवळजवळ कोणी वाचत नाही.

करंजी मात्र काळीला मिळत नाही, आणि त्यावरून घरात दर दिवाळीला माझ्याशी भांडण होते. आमच्या फराळात बेदाणे असतात, आणि बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. चॉकलेट आणि कांदा यांचेही तसेच विष आहे. तिच्यासाठी बिनमिठाचा भात आणि उकडलेले अंडे असते.

यंदा नातीने आपला बेत जाहीर केला आहे. लक्ष्मीपूजनाला दिवस असतानाच काळीला फिरवून आणायचे. मग आतली खोली, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, रेडिओ चालू, पाण्याचे भांडे आणि जुनी घोंगडी. ती पलंगाखाली गेली तर तिला ओढून बाहेर काढायचे नाही, जवळ बसायचे. बसण्याच्या पाळ्या तिने वहीत लिहून काढल्या आहेत आणि पहिली पाळी माझी लावली आहे, म्हणजे यंदा पूजेच्या वेळी मी पलंगापाशी. नरकचतुर्दशीला सकाळी मात्र टिळा आणि माळ. झेंडू आणायला मला गुलमंडीवर जायचे आहे.